गेम कुठे शिकावा: वर्गात की घरी?

बारावीचा निकाल लागला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या घराघरांत पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएस्सी अ‍ॅग्री, स्पर्धा परीक्षा ही नावे सगळ्यांच्या ओळखीची. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला एक नवी इच्छा ऐकू येऊ लागली आहे: मला गेम बनवायचे आहेत. मोठ्यांचा पहिला प्रश्न असतो, "याचे कुठे कॉलेज असते का?" मुलाचे उत्तर तयारच असते, "कॉलेज कशाला? सगळे यूट्यूबवर आहे."

दोघेही मनापासून बोलत असतात आणि दोघांचेही अर्धेच बरोबर असते. गेम बनवण्याच्या कामात काही गोष्टी वर्गात लवकर आणि नीट येतात, काही गोष्टी कोणत्याही वर्गात येत नाहीत. कोणती गोष्ट कुठली, हे कळले की निर्णय सोपा होतो. त्यासाठी आधी हे काम आतून कसे असते ते पाहू.

एक नाव, अनेक कामे

मोबाइलवरच्या साध्यासुध्या गेममध्येही चार-पाच वेगवेगळ्या कसबांचा हात असतो. नियम काय असावेत, किती कठीण ठेवायचे, खेळणाऱ्याला केव्हा बक्षीस द्यायचे, हे डिझायनरचे काम. ते संगणकाकडून करून घेणे प्रोग्रामरचे. पात्रे, घरे, झाडे, बटणे काढणे चित्रकाराचे. पावलांचा आवाज, पार्श्वसंगीत हे ध्वनीचे काम. चुका शोधून काढणे टेस्टरचे. मोठ्या स्टुडिओत यातल्या एकेका कामावर पन्नास-शंभर माणसे असतात, तर छोट्या गेममध्ये एकच माणूस सगळे करतो.

म्हणून "गेम डेव्हलपमेंट शिकायचे आहे" एवढे म्हणणे पुरेसे नाही. ज्याला गेमची आतली यंत्रणा लिहायची आहे त्याची वाट वेगळी, ज्याला पात्रे रंगवायची आहेत त्याची वेगळी. प्रोग्रामरला गणित आणि संगणकशास्त्राचा पाया लागतो. चित्रकाराला रेखाटनाचा रियाज आणि दाखवता येईल असा कामांचा संग्रह लागतो. डिझायनरला एकामागून एक छोटे गेम बनवून ते लोकांसमोर ठेवण्याची सवय लागते.

एका उडीची गोष्ट

आता एक उदाहरण जवळून पाहू. गेममधली सर्वांत साधी कृती म्हणजे उडी. गोडो नावाचे एक गेम इंजिन आहे. इंजिन म्हणजे गेम बनवण्याची तयार अवजारपेटी: चित्र पडद्यावर आणणे, आवाज वाजवणे, दोन वस्तूंची टक्कर ओळखणे ही रोजची कामे ते करते. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्सूर यांनी ते घडवले आणि २०१४ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. ते पूर्ण मोफत आहे, डाउनलोडही शंभर एमबीच्या घरातला, त्यामुळे घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही छोटे गेम चालतात.

गोडोमध्ये नवे पात्र तयार केले की चालण्याचा आणि उडी मारण्याचा एक नमुना कोड आपोआप मिळतो. त्यात उडीचा वेग असतो उणे ४०० आणि गुरुत्वाकर्षण असते ९८०. उणे का? शाळेतल्या आलेखात वाय अक्ष वर वाढतो. पडद्यावर मात्र मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते आणि वाय खाली वाढतो. म्हणून वर जाणे म्हणजे उणे. एककही मीटर नाही, पिक्सेल आहे.

घरी शिकणारा मुलगा इथे काय करतो? पात्र फळीपर्यंत पोहोचत नाही म्हणून ४०० चे ४५० करतो, मग ५००, मग ४८०. शेवटी जमते. अकरावीचे भौतिकशास्त्र ज्याच्या डोक्यात पक्के आहे तो कागद घेतो. उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट. ४०० चा वर्ग १,६०,०००, त्याला १,९६० ने भागले की सुमारे ८२ पिक्सेल. हवेत राहण्याचा वेळ सुमारे ०.८२ सेकंद. फळी १२० पिक्सेलवर असेल तर वेग साधारण ४८५ हवा. एका ओळीत उत्तर मिळाले, आणि पुढच्या पन्नास फळ्या कुठे ठेवायच्या तेही कळले.

याच कोडमध्ये आणखी एक शब्द भेटतो: डेल्टा. मागचे चित्र आणि आताचे चित्र यांच्यामध्ये गेलेला वेळ म्हणजे डेल्टा. संगणक सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल तर डेल्टा एक साठांश सेकंद. दर चित्रागणिक आपण स्वतः मोजतो त्या हालचालीला डेल्टाने गुणावे लागते. ते विसरले तर स्वतःच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारा गेम मित्राच्या १२० चित्रांच्या पडद्यावर दुप्पट वेगाने पळतो. नवशिक्याला ही चूक सापडायला कित्येक दिवस लागू शकतात. जाणकार शिक्षक शेजारी असेल तर ती पाच मिनिटांत सुटते, आणि ती का झाली हेही समजते.

इथपर्यंत वर्गाचे पारडे जड आहे. पण उडी अजून पुरी झालेली नाही. गणित बिनचूक असूनही खेळणारा तक्रार करतो, "मी वेळेत बटण दाबले होते, उडीच लागली नाही." त्याने बटण दाबले तेव्हा पात्राचा पाय फळीच्या कडेवरून किंचित पुढे गेलेला असतो. नियमाने तो चुकला, मनाने चुकलेला नाही. अनुभवी गेम बनवणारे यावर उपाय करतात: पाय सुटल्यानंतरही सेकंदाचा एखादा दशांश उडी मान्य करायची. २०१८ च्या सेलेस्ट या गाजलेल्या गेममध्ये अशा अनेक बारीक सवलती आहेत. त्या गेमच्या निर्मात्यांनी मुख्य पात्राचा कोड सर्वांसाठी खुलाही केला आहे, कोणालाही तो वाचता येतो.

ही सवलत सूत्रातून निघत नाही. दुसरा माणूस आपला गेम खेळत असताना मागे उभे राहून, तोंड बंद ठेवून बघत बसले की ती सुचते. म्हणजे एका उडीचा अर्धा भाग फळ्यावर शिकता येतो आणि उरलेला अर्धा बनवून, दाखवून, पुन्हा दुरुस्त करूनच येतो. पूर्ण गेमचेही असेच आहे.

शिक्षणसंस्था काय देते

गेम बनवणे हा पदवीचा विषय होऊ शकतो हे जगाला पटायला वेळ लागला. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९८८ साली सुरू झालेल्या डिजिपेन या संस्थेने निंटेंडो कंपनीच्या सहकार्याने १९९४ मध्ये गेम प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम सुरू केला. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या रेडमंड येथे तिचे महाविद्यालय उघडले. तिथल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने २००५ मध्ये नारबॅक्युलर ड्रॉप नावाचा छोटा गेम केला. भिंतीवर एक दार उघडायचे आणि दुसऱ्या भिंतीवरच्या दारातून बाहेर पडायचे, एवढीच कल्पना. व्हॉल्व्ह कंपनीच्या लोकांनी तो पाहिला आणि त्या गटाला नोकरीवर घेतले. त्यातून २००७ मध्ये पोर्टल हा गेम आला, आणि आजही उत्तम गेमच्या यादीत त्याचे नाव घेतले जाते.

इथे संस्थेने काय दिले ते नीट पाहा. गट दिला, तारीख दिली आणि बघणारा डोळा दिला. तारखेला गेम पुरा करून सादर करायचाच, ही सक्ती नसती तर ती कल्पना कुणाच्या तरी वहीत राहिली असती.

आपल्याकडे अशा खास अभ्यासक्रमांसाठी मुलांना बहुधा पुणे, मुंबई, हैदराबाद गाठावे लागते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी कृतिदल नेमले, आणि त्या वाटेने मुंबईत २०२५ मध्ये भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. पण सातारा-सांगलीच्या मुलाने घराजवळच्या संस्थांकडे पाठ फिरवू नये. सांगलीच्या विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याची सुरुवात १९४७ ची. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. इस्लामपूरजवळ राजारामनगरला राजारामबापू तंत्रज्ञान संस्था १९८३ पासून आहे. पदवीवर 'गेम' हा शब्द नसला तरी संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात गेमला लागणारे बरेच काही असते.

दोन उदाहरणे देतो. गेममधला पहारेकरी तुम्हाला पाहतो की नाही, हे कसे ठरते? त्याच्या नजरेची दिशा हा एक सदिश, त्याच्यापासून तुमच्यापर्यंतची दिशा हा दुसरा. दोन्हींची लांबी एक करून त्यांचा अदिश गुणाकार करायचा. पहारेकऱ्याची नजर ६० अंशांच्या पट्ट्यात फिरत असेल, तर गुणाकार ०.८६६ पेक्षा जास्त आला की तुम्ही सापडलात. बारावीला जो धडा मार्कांपुरता केला, तोच इथे पहारा देतो. दुसरे उदाहरण रस्ता शोधण्याचे. शत्रू भिंतींना वळसा घालून तुमच्याकडे येतो तेव्हा आत बहुतेक वेळा ए-स्टार नावाची रीत चालू असते. ती १९६८ साली स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एका यंत्रमानवाला वाट दाखवण्याच्या कामातून पुढे आली. दुसऱ्या वर्षाला ग्राफचा जो भाग रटाळ वाटतो त्यातच तिचे मूळ आहे.

शिक्षणसंस्थेच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. अभ्यासक्रम बदलायला वर्षे लागतात, अवजारे वर्षागणिक बदलतात. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या लोकप्रिय इंजिनच्या कंपनीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले. जगभर संताप उसळला, अनेकांनी गोडोची वाट धरली आणि वर्षभरात कंपनीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या वर्षात ज्यांना फक्त युनिटीची बटणे पाठ होती ते हवालदिल झाले. ज्यांना बटणांमागचे तत्त्व माहीत होते त्यांना नव्या अवजारात स्थिरावणे सोपे गेले. म्हणून वर्गात जायचेच तर तत्त्वासाठी जावे. बटणे घरी शिकता येतात.

दुसरी मर्यादा मोठी आहे. चार वर्षे पूर्ण करूनही एकही पुरा झालेला गेम हातात नसणे शक्य आहे. परीक्षा दिल्या, सबमिशन झाले, प्रमाणपत्र मिळाले. पण मुलाखतीत पहिला प्रश्न येतो: काय बनवले आहे ते दाखवा. तिथे गुणपत्रिका मदतीला येत नाही.

स्वतः शिकण्याचे बळ आणि किंमत

स्वतः शिकण्याच्या बाजूने बोलताना अमेरिकेतल्या एरिक बॅरोनचे नाव हमखास निघते. स्टारड्यू व्हॅली हा शेतीवरचा गेम त्याने एकट्याने केला. कोड त्याचा, चित्रे त्याची, संगीत त्याचे, गोष्टही त्याचीच. फेब्रुवारी २०१६ मध्ये गेम आला आणि पुढे त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. आजोबांची पडीक जमीन कसायची, पेरायचे, पाणी द्यायचे, गावातल्या माणसांशी नाती जोडायची, असा हा गेम. कृष्णाकाठच्या मुलालाही तो परका वाटत नाही.

पण ही गोष्ट सांगताना तीन तपशील गाळले जातात. बॅरोनने २०११ मध्ये संगणकशास्त्राची पदवी घेतलेली होती. नोकरी मिळेना म्हणून हात बसवण्यासाठी त्याने हा गेम हाती घेतला. त्याला सुमारे साडेचार वर्षे लागली, आणि त्या काळात तो नाट्यगृहात अर्धवेळ काम करत होता व त्याच्या जोडीदारिणीच्या कमाईचा घराला आधार होता. चित्रकला आणि संगीत त्याने स्वतः शिकून घेतले हे खरे, पण प्रोग्रामिंगचा पाया वर्गात घातलेला होता. एकट्याने शिकण्याला फी नसते, किंमत मात्र असते. ती वेळेत मोजावी लागते, आणि तो वेळ घरातले दुसरे कोणी तरी आपल्या कष्टाने विकत घेऊन देत असते.

स्वतः शिकण्याचे बळ कुठे आहे? जे हवे तेच शिकता येते. गरज आधी आणि धडा नंतर येतो, त्यामुळे शिकलेले विसरत नाही. कोणाची परवानगी लागत नाही. भाषेचा अडसरही थोडा कमी झाला आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात पायथन, सी, जिंप अशा विषयांचे मराठीतले पाठ मोफत आहेत. मराठी माध्यमातल्या मुलाला सुरुवात करायला त्यांचा मोठा आधार होतो. पुढे इंग्रजी वाचावे लागतेच, पण कल्पना मराठीत पक्की झाली असेल तर इंग्रजीची भीती निम्मी होते.

धोके तीन. पहिला, बघणे म्हणजे शिकणे असे वाटू लागते. पाठ चालू असताना सगळे कळते, तो बंद करून कोरी फाइल उघडली की हात थांबतात. दुसरा, आपल्याला काय येत नाही हेच कळत नाही. डेल्टा नावाची काही गोष्ट असते हे ज्याला ठाऊक नाही तो ती शोधणार कशी? तिसरा, शेवट येत नाही. तारीख नाही, विचारणारे कोणी नाही, म्हणून एक प्रकल्प अर्धा सोडून दुसरा सुरू होतो. स्वतः शिकणाऱ्यांची सर्वांत जास्त वर्षे या तिसऱ्या खड्ड्यात जातात.

या मातीतला जुना धडा

हा प्रश्न सातारा-सांगलीला नवा नाही. फक्त तेव्हा समोर संगणकाऐवजी लोखंड होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग ओळखण्यात दोष असल्याचे लक्षात आले आणि चित्रकाराची वाट बंद झाली. पण तिथेच यंत्रांची रेखाटने काढायला ते शिकले, व्हीजेटीआयमध्ये ती शिकवू लागले, आणि यंत्रांचे बाकीचे ज्ञान त्यांनी वाचून, जोडून, मोडून मिळवले. बेळगावात सायकलच्या धंद्यापासून सुरुवात करून त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल या समजुतीने शेतकरी तो घेईनात, पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळ दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. लक्ष्मणरावांना वर्गातून रेखाटनाची शिस्त मिळाली होती, बाकीचे त्यांना लोखंडाने आणि न विकल्या गेलेल्या नांगरांनी शिकवले.

हे नांगर विकण्याचे काम पुढे ज्यांनी केले त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील होते. कराडजवळच्या ओगले काच कारखान्याच्या मालाचीही त्यांनी विक्री केली. स्वतःचे शालेय शिक्षण मॅट्रिकच्या आतच थांबलेल्या या माणसाने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहात, एकत्र स्वयंपाक करत, शेतावर आणि बांधकामावर राबत आणि शिकत. कमवा आणि शिका ही योजना इथलीच, आणि स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद. १९४७ मध्ये याच विचारातून साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले.

गेम शिकू पाहणाऱ्या मुलाने या इतिहासातली एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी. कर्मवीरांच्या स्वावलंबनात एकटेपणा कुठेच नव्हता. मुलगा स्वतःच्या कष्टाने शिकत होता, पण शेजारी तसेच कष्ट करणारी पन्नास मुले होती. चूक दाखवणारा गुरू होता, भूक लागली तर ताटात वाढणारे हात होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून मंगळसूत्रही दिले, हे साताऱ्यात आजही आदराने सांगितले जाते. आपण मात्र 'स्वतः शिकणे' याचा अर्थ खोलीचे दार लावून पडद्यासमोर बसणे असा करून टाकला आहे.

तालमीत हे रोज दिसते. जोर-बैठका ज्याच्या त्यालाच माराव्या लागतात, पण जोड मिळाल्याशिवाय डाव बसत नाही आणि वस्तादाने हटकल्याशिवाय खोड जात नाही. गेमच्या शिक्षणात आपल्या जिल्ह्यांत मेहनत करणारी पोरे आहेत. कमी आहे ती जोडीची आणि वस्तादाची.

मग नेमके काय करावे

प्रोग्रामर व्हायचे असेल तर जवळच्या चांगल्या महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी, बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करा आणि गेम स्वतः बनवत शिका. ही पदवी गेमच्या बाहेरही उपयोगी पडते. गेम उद्योगात मंदी आली, स्टुडिओ बंद झाला तरी रोजीरोटी थांबत नाही. चित्रकार व्हायचे असेल तर रेखाटन आणि ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर यांवर मेहनत घ्या. कला महाविद्यालय किंवा खास अभ्यासक्रम इथे उपयोगी पडतो, पण निवड शेवटी कामे पाहूनच होते.

खासगी अकादमीत लाखांची फी भरण्याआधी पालकांनी पाच प्रश्न विचारावेत. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी पुरे केलेले गेम आत्ता खेळायला मिळतील का? शिकवणाऱ्याचा स्वतःचा एखादा गेम बाजारात आला आहे का? मुले गटात काम करतात की एकेकटी? विद्यार्थ्याने बनवलेल्या गेमवर हक्क कुणाचा? पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे का? पहिल्याच प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पुढचे विचारायची गरज नाही.

पहिला गेम अगदी लहान घ्या. विटी-दांडू घ्या. एक बटण, दाबून ठेवले तितका जोर, सोडले की टोला. विटी किती लांब जाते ते दांड्यांत मोजायचे. ४५ अंशांत सर्वांत लांब जाते हे पुस्तकात वाचलेले असते, इथे ते डोळ्यांसमोर घडते. महिन्याच्या आत पुरा करा, कितीही ओबडधोबड असला तरी. मग तो गल्लीतल्या पोरांना खेळायला द्या आणि गप्प बसून बघा.

त्यानंतर जोड शोधा. एक कोड लिहिणारा, एक चित्रे काढणारी, एक आवाज करणारा, असे तिघे-चौघे जमले की महाविद्यालयात गेम मंडळ सुरू होते. दर आठवड्याला एक संध्याकाळ, एकमेकांचा गेम खेळायचा आणि मत द्यायचे. जानेवारीच्या सुमारास जगभर ग्लोबल गेम जॅम भरतो. २००९ पासून तो चालू आहे. दिलेल्या विषयावर सुमारे ४८ तासांत गेम बनवायचा असतो. तारखेचा धाक आणि गटाची सोबत या दोन्ही गोष्टी त्यात फुकट मिळतात.

मग प्रसिद्ध करा. इच डॉट आयओ या संकेतस्थळावर गेम मोफत ठेवता येतो. गूगल प्लेवर खाते उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. स्टीम या ऑनलाइन दुकानावर प्रत्येक गेममागे १०० डॉलर. गूगलचा एक नियम इथे मुद्दाम सांगण्यासारखा आहे. नवे वैयक्तिक खाते असेल तर गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत भाग घेतला पाहिजे. ज्याच्याजवळ बारा माणसे नाहीत, त्याच्यासाठी प्ले स्टोअरचे दारही उघडत नाही.

पालकांसाठी दोन शब्द. गेम बनवणे आणि गेमवर पैसे लावणे या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स व इतर निरोगी खेळांना प्रोत्साहन देण्याचे धोरण ठरवले. गेम बनवण्याच्या उद्योगाचे महाराष्ट्रातले मोठे केंद्र पुणे आहे, साताऱ्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ तिथे २००८ पासून आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या चमूने भारतीय पुराणकथांवर बेतलेला राजी हा गेम २०२० मध्ये आणला आणि त्या वर्षीच्या जागतिक गेम पुरस्कारांत उत्तम पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले.

शिक्षकांनाही एक विनंती. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने प्रक्षेप्य गतीचा धडा एकदा विटी-दांडूच्या गेममधून शिकवून पाहावा. महाविद्यालयाने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात गेम मान्य करावा, पण तो बाहेरच्या पंचवीस माणसांनी खेळल्याशिवाय गुण देऊ नयेत. सायंकाळी रिकामी पडणारी संगणक प्रयोगशाळा आठवड्यातून एक दिवस आसपासच्या मुलांसाठी उघडी ठेवावी. ज्या जिल्ह्यांत रयतेच्या पोरांसाठी वसतिगृहे उभी राहिली, तिथे एवढे करणे अवघड नाही.

वर्ग पाया घालतो आणि सोबती मिळवून देतो. हात मात्र स्वतःलाच चालवावे लागतात. शिकायला कुठेही जा, पण वर्षाला एक तरी गेम पुरा करा आणि तो अनोळखी माणसाच्या हातात द्या. कॉलेजात जाऊन हे केले नाही तर फी वाया गेली, घरी बसून केले नाही तर वर्षे वाया गेली. आणि गावात तुमच्यासारखाच गेम बनवू पाहणारा दुसरा कोणी असेल, तर आजच त्याला जाऊन भेटा.